मामा पुस्तकं परत नेतात

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की ज्याचा चेहरा पडतो असा दुकानदार साऱ्या हिंदुस्थानात एकच होऊन गेला, आणि तो आमच्या उज्जैनला, फ्रीगंजात होता. ते आमच्या हिचे मानलेले मामा. मानलेले म्हणजे असे की, लग्न होऊन ही उज्जैनला आली त्याच आठवड्यात एक उंच, वाळकुडे गृहस्थ आमच्या दारात छत्री टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, "नगरकडची मुलगी आलीय म्हणे. मीही तिकडचाच. इथं तिला माहेरचं कुणी नसेल तर मी आहे." गृहस्थ ख्रिस्ती होते. त्यांना चहा द्यायचा तो कोणत्या कपात, या विचारात माझ्या आईने स्वयंपाकघरात बराच वेळ काढला. तेवढ्यात मामांनी हिच्या गावच्या विहिरी, तिथली चिंच, शाळेतले मारकुटे मास्तर, सगळ्यांची नावानिशी चौकशी केली आणि ही मुलगी सासरी आल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडली. आईने ते पाहिलं आणि घरातला चांगला कप काढला. तेव्हापासून ते मामा. आधी आमचे, मग शेजारच्यांचे आणि बघता बघता अख्ख्या फ्रीगंजाचे. हिंदी बोलणारे त्यांना मामाजी म्हणत, एवढाच फरक.

मामांचं दुकान पुस्तकांचं आणि पुस्तकं ख्रिस्ती. दुकान त्यांच्या मालकीचं नव्हतं, मिशनचं होतं. संस्थानी अमलात कुणा गोऱ्या साहेबाने ते उघडलं, नगरहून मामांना आणून तिथं बसवलं आणि स्वतः विलायतेला निघून गेला. एका बाजूला सायकल दुरुस्तीवाला, दुसऱ्या बाजूला फाळणीत सगळं गमावून आलेल्या सिंधी शेठजींचं कापड दुकान आणि मधे हे. आत गेलं की छताला टेकलेली कपाटं. शास्त्रावरची, म्हणजे बायबलवरची, जाडजूड भाष्यं, साधुसंतांची चरित्रं, रोमच्या बादशहांनी केलेल्या छळाचे इतिहास, मराठी भजनांचे संग्रह, हिंदी पोथ्या, आफ्रिकेच्या जंगलात गेलेल्या पाद्री डॉक्टरांचे प्रवास, शेवटच्या प्रकरणात पश्चात्ताप करणाऱ्या नायिकांच्या इंग्रजी कादंबऱ्या, आणि मधमाश्या पाळण्यावरचं एक पुस्तक, जे तिथं कसं आलं ते मामांनाही ठाऊक नव्हतं. हे सगळं मामांनी वाचलेलं होतं, मधमाश्यांसकट, आणि अडचण नेमकी तीच होती. दुकानदाराने मालाचा लळा लावून घेऊ नये. मामांना प्रत्येक पुस्तकाचा लळा होता, त्यामुळे गिऱ्हाईक आलं की घरातलं माणूस न्यायला कुणीतरी परका आलाय असं त्यांना वाटे.

त्यांचा नियम असा, की पहिलं पुस्तक कुणालाही मिळेल, पण दुसरं हवं असेल तर पहिल्याची परीक्षा द्यावी लागेल. एकदा रतलामकडचे एक गृहस्थ गाडी बदलायला उतरले आणि मधल्या वेळात दुकानात आले. कुणा साधूच्या चरित्राचा दुसरा भाग त्यांना हवा होता.

"पहिला वाचलात?" मामांनी विचारलं.

"वाचला ना."

"मग तो उमराव घरदार सोडून मठात का गेला?"

गृहस्थ विचारात पडले. म्हणाले, "वैराग्य आलं असेल."

"वैराग्य मागाहून आलं. आधी सासुरवाडीशी भांडण झालं होतं. पहिला पुन्हा वाचा, दुसरा कुठं पळून जात नाही."

गृहस्थ हट्टाला पेटले, मामा त्याहून पेटले आणि या वादात गृहस्थांची गाडी निघून गेली. मग मात्र मामा ओशाळले. त्यांना घेऊन सरळ आमच्याकडे आले आणि हिला म्हणाले, "पोरी, यांना पान वाढ. गाडी माझ्यामुळे चुकली. पण वाचलेलं नाही हेही खरं आहे." जेवण होईपर्यंत त्यांनी गृहस्थांना सगळा पहिला भाग सांगितला, संध्याकाळच्या गाडीवर स्वतः पोचवायला गेले आणि गाडी हलताना दुसरा भाग खिडकीतून आत दिला. गृहस्थ पुढे कधी फ्रीगंजात फिरकल्याचं मला तरी आठवत नाही.

त्यांच्या पेन्सिलीबद्दल तर विचारू नका. नव्याकोऱ्या पुस्तकाच्या समासात मामा बारीक अक्षरांत वाचणाऱ्यासाठी सूचना लिहून ठेवत. 'इथे कंटाळा येईल, धीर धरावा.' 'पुढचा वाद दोन पाद्र्यांच्या घरगुती भांडणातून निघाला आहे, सोडला तरी चालेल.' 'हे पान जेवणाआधी वाचू नये.' कॉलेजातले एक प्रोफेसर एकदा पुस्तक परत घेऊन आले. म्हणाले, "मामाजी, ये तो पुरानी किताब है, किसी की लिखी हुई." मामा शांतपणे म्हणाले, "पुरानी नहीं साहब, नयी है. मैंने रास्ता देख के रखा है. आगे गड्ढे बहुत हैं." प्रोफेसर हसत ते पुस्तक घेऊन गेले, आणि मामांनी लिहिलेलं तेवढं त्यांनी वाचलं असं पुढे त्यांच्याच तोंडून कळलं.

पुस्तकं मांडण्याची तऱ्हाही त्यांची स्वतःची. विषयवार नाही की अक्षरांच्या क्रमाने नाही. ज्यांचं हयातीत पटलं नाही त्यांना ते शेजारी ठेवत नसत. एक तापट धर्मसुधारक आणि त्याला बहिष्कृत करणारे पोप यांच्या चरित्रांमधे त्यांनी मधमाश्यांचं पुस्तक घातलं होतं. म्हणत, "मधे कुणीतरी तिऱ्हाईत असलेलं बरं." हुतात्मे खिडकीजवळ, कारण बिचाऱ्यांनी अंधारकोठड्या पुष्कळ भोगल्या. जोगिणींची, म्हणजे मठातल्या ख्रिस्ती संन्यासिनींची, चरित्रं सर्वांत वरच्या फळीवर, कादंबऱ्यांपासून लांब. त्या दिवसांत प्रांतांच्या फेररचनेवर दिल्लीला कमिशन बसलं होतं आणि कुणाला कुणाशेजारी ठेवायचं यावरून पेपर रोज तापलेले असत. ते वाचून मामा म्हणत, "मला बोलवायला हवं होतं."

राम घाटावरचा एक पंडा त्यांचा जिवलग मित्र. मामा सकाळी क्षिप्रेकाठी फिरायला जात आणि या पंड्याच्या छत्रीखाली टेकत. यजमानांच्या सात पिढ्यांची नावं वहीत सांभाळणं हा पंड्याचा पिढीजात धंदा, म्हणून मामांनी त्याला शास्त्रातल्या वंशावळींवरची एक हिंदी पोथी दिली. पंड्याने ती एका बैठकीत संपवली. "मामाजी," तो म्हणाला, "लिखनेवाला पक्का आदमी था. नौ-नौ सौ बरस के जजमान, और एक पीढ़ी नहीं छोड़ी. बस, दक्षिणा किसने क्या दी, ये नहीं लिखा." मामांना हे इतकं आवडलं की ते आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते. मामांच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात उतरलेला उज्जैनमधला तो पहिला माणूस.

विकलेलं पुस्तक बांधून द्यायची पद्धत सांगायची राहिली. भैरवगढला कापडावर ठसे उठवणारे छिपे बिघडलेले तुकडे बाजूला टाकतात. ते मामा घेऊन येत. पुस्तक त्या तुकड्यात गुंडाळायचं आणि वरून सुतळीची एक गाठ मारायची. ही गाठ ते कुणाकडून शिकले होते कोण जाणे, पण ती सोडवायला पुस्तक वाचण्याइतकीच चिकाटी लागे. आमच्या गल्लीतल्या बायका केवळ कापडासाठी मामांकडून एकेक भजनसंग्रह घेऊन गेल्या होत्या. मामांनी ओळखलं होतं, पण बायकांना ते बोलत नसत.

असं सगळं सुखाने चाललं होतं. संस्थान गेलं, मध्यभारत झाला, गोरे साहेब एकेक करून घरी गेले, तरी मामांच्या दुकानाला कुणी हात लावला नव्हता. मग एका संध्याकाळी मिशनचे नवे सेक्रेटरी इंदूरहून आले. आपल्यातलेच, मवाळ स्वभावाचे गृहस्थ. मी तेव्हा दुकानातच बसलो होतो. त्यांनी भीत भीतच विषय काढला.

"मामा, बाहेरून आता काही मदत येत नाही. ज्या दुकानांत विक्री नाही ती बंद करायची असं कमिटीनं ठरवलंय. मी नाताळात येतो. तोवर निम्मी कपाटं रिकामी दिसली तर मी कमिटीशी भांडेन, शब्द देतो. नाहीतर पुस्तकं इंदूरला न्यावी लागतील आणि तुम्हाला नगरला, पुतण्याकडे."

मामांनी मान हलवली आणि त्यांना टांग्यापर्यंत पोचवून आले. मग कपाटांकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "पुतण्या गुणी आहे. पण तुझी मामी इथं आहे." मामी उज्जैनला आल्यावर थोड्याच वर्षांत वारल्या होत्या. रविवारची प्रार्थना आटोपली की मामा कबरस्तानात त्यांच्याजवळ जाऊन बसत. शेजारची जागा त्यांनी आपल्यासाठी सांगून ठेवली होती. राहायचे ते दुकानामागच्याच खोलीत. दुकान गेलं की खोली जाणार आणि खोली गेली की उज्जैन. एवढ्या वर्षांत या माणसाने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. म्हातारपणी बायकोजवळ राहावं, एवढंच त्यांचं मागणं होतं आणि ते आता पुस्तकांच्या विक्रीवर येऊन अडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वकीलसाहेबांकडे गेलो. हे आमच्या शेजारचे. यांचे खापरपणजोबा दरबारच्या कारभाऱ्यांबरोबर आलेले, त्यामुळे कुठल्याही कामाचा कारभार हाती घ्यायची त्यांना सवय. त्यांनी तिथल्या तिथे बेत ठरवला. "पहिलं पुस्तक तर कोणालाही भेटतं ना? मग झालं. घरातल्या प्रत्येकाच्या नावावर एकेक घेऊन टाकू. बस, मामांना पत्ता लागला नाही पाहिजे." वकीलसाहेबांच्या घरी पाळण्यातलं मूल सोडून सगळ्यांनी पुस्तकं घेतली. मग त्यांचे मुनशी आले, अशील आले, अशिलांचे साडू आले. शेठजींनी आपल्या भावाबंदांची रांग लावली. आमच्या घरी माझ्या वाट्याला एक भाष्य आलं आणि हिच्या वाट्याला एका पाद्री डॉक्टरणीचा प्रवास. दोन महिन्यांत कपाटं अशी रिकामी झाली की मागची भिंत दिसू लागली आणि तिला चुना मारायला झालाय हे पहिल्यांदा कळलं.

मामा इतके आनंदात मी कधी पाहिले नाहीत. गाठी मारता मारता भजनं गुणगुणत. मला म्हणाले, "स्वराज्य आलं की लोकांना वाचनाची ओढ लागते असं एका इतिहासात लिहिलंय. मी समासात 'शंका आहे' असं लिहिलं होतं. खोडून टाकलं." रविवारी कबरस्तानातून आले तेही हसत. मामीला बातमी सांगून आलो म्हणाले.

चूक आम्ही केली ती ही, की मामांना ओळखूनही आम्ही त्यांना ओळखलं नाही. परीक्षेला कुणी येईना तेव्हा त्यांना वाटलं, लोक संकोचतात. मग ते स्वतःच छत्री घेऊन घरोघर निघाले. पहिलं घर वकीलसाहेबांचं. बैठकीतल्या कपाटावर पुस्तकांची चळत होती, सगळी भैरवगढच्या कापडात, सगळी बांधलेली. वकीलसाहेब म्हणाले, "मामा, मी वाचूनच राहिलो होतो, मधेच कोर्टात एक पेशी निघाली." मामांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "गाठ माझीच आहे." एवढंच बोलून ते पुढच्या घरी गेले. तिथंही त्यांच्याच गाठी होत्या.

दुसरा कुणी असता तर रागावला असता. मामांनी मुदत दिली. म्हणाले, "नाताळला अजून वेळ आहे. प्रत्येकाने एक वाचा, मग मी ताठ मानेने सेक्रेटरींना सांगेन." आणि ते रोज संध्याकाळी आळीपाळीने एकेकाच्या घरी मदतीला जाऊन बसू लागले. आमच्या फ्रीगंजाला घाम फुटला. वकीलसाहेबांची तब्येत बिघडली ती कोर्ट सोडून बाकी सगळीकडे बिघडलेलीच राहिली. शेठजी प्रस्तावनेपर्यंत पोचले. "मामाजी, भूमिका बहुत अच्छी है," ते म्हणाले, "इसी में आदमी का मन भर जाता है." मी निम्मं भाष्य वाचलं आणि तेवढ्याची परीक्षा मामांनी घेतली. हिने मात्र डॉक्टरणीचा प्रवास संपवला आणि मामांशी तासभर वाद घातला की, त्या बाईने आजारी आईला टाकून जंगलात जायलाच नको होतं. वाद ऐकताना मामांचे डोळे भरून आले. परीक्षेत हिला त्यांनी एक प्रश्नही विचारला नाही.

नाताळ तोंडावर आला तेव्हा मामांनी एक हातगाडी भाड्याने घेतली आणि पुस्तकं परत न्यायला निघाले. हातगाडी पुढे, मागून छत्री घेऊन मामा, दारात थांबायचे, नमस्कार करायचे आणि पुस्तकं मागायचे. पैसे कुणी परत घेईना तर उंबऱ्यावर ठेवून पुढे जायचे. वकीलसाहेब संतापले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत आला.

"मामा, तुम्ही आमची इज्जत काढून राहिलात. हे सगळं आम्ही कोणासाठी केलं?"

"माझ्यासाठी केलंत. ठाऊक आहे मला," मामा म्हणाले. "पण लेक दिल्या घरी कुणी तिला विचारत नसेल तर बाप काय करतो, वकीलसाहेब? परत आणतो ना? आणि सेक्रेटरी मला विचारतील, लोक वाचतात का. तेव्हा मला खोटी साक्ष द्यायची नाही."

वकीलसाहेबांना सगळ्या आयुष्यात असा साक्षीदार भेटला नसेल. त्यांनी स्वतः खुर्चीवर चढून पुस्तकं खाली काढून दिली.

सेक्रेटरी आले. कपाटं पुन्हा छतापर्यंत भरलेली, हुतात्मे खिडकीशी, मधमाश्या आपल्या जागी. त्यांनी विचारलं, "मामा, थोडी तरी गेली असतील?" मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अडीच गेली." पंड्याचं एक, हिचं एक आणि माझं अर्धं. सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला आणि वहीत आकडा लिहून घेतला. दुकान बंद झालं.

आम्ही मामांना म्हटलं, आमच्याकडे राहायला या. आईनेही म्हटलं. मामा म्हणाले, "माहेरचा माणूस लेकीच्या घरी जेवतो, राहत नाही." ही चिडली, रडली, दोन दिवस बोलली नाही. मामा बधले नाहीत. ख्रिस्ती झाले तरी नगरकडची रीत त्यांनी सोडली नव्हती, आणि ती नेमकी अशा वेळी पाळायचं त्यांना काय अडलं होतं, असं मला त्या वेळी वाटलं आणि अजूनही वाटतं. स्टेशनवर निम्मं फ्रीगंज लोटलं. पंडा ओल्या धोतराने तसाच घाटावरून आला होता. वकीलसाहेबांनी मामांची ट्रंक स्वतः उचलून डब्यात ठेवली. मामा हिला म्हणाले, "रविवारी जमलं तर मामीकडे जाऊन येत जा."

सुरुवातीला त्यांची कार्डं येत. मग नवा प्रांत झाला. कचेऱ्या भोपाळला गेल्या, वकीलसाहेब हायकोर्टापायी जबलपूरला गेले, ओळखीचे चेहरे पांगले. कार्डंही विरळ होत थांबली. मला राहून राहून एकाच गोष्टीची हळहळ वाटते. त्या माणसावर आम्हा सगळ्यांचा जीव होता. त्याच्यासाठी आम्ही कपाटंच्या कपाटं विकत घेतली. प्रत्येकाने एक पुस्तक वाचलं असतं तर तो राहिला असता, आणि तेवढं आमच्याने झालं नाही.

एका वैशाखात मामांचा पुतण्या आमच्या दारात आला. हातात एक कापडी पिशवी होती. मामा गेल्याचं त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. "शेवटी शेवटी एकच म्हणत होते, मला उज्जैनला न्या. पण उन्हाळ्याचे दिवस, इतक्या गाड्या बदलायच्या, नाही जमलं आम्हाला. मग ठरवलं, काकूंच्या इथली थोडी माती न्यायची आणि त्यांच्यावर घालायची. मला जागा दाखवाल का?" मला जागा नीटशी माहीत नव्हती. हिला होती. ही घरातून खुरपं घेऊन निघाली आणि आम्ही तिच्या मागून चालत गेलो. मामींच्या कबरीभोवती गवताची एक काडी नव्हती. शेजारची जागा तशीच मोकळी होती. हिने उकरून दिलं, पुतण्याने दोन्ही हातांनी माती पिशवीत भरली आणि तोंड बांधलं. मग ही त्याला म्हणाली, "भाऊ, येताना मामांकडची पण थोडी आणायला हवी होती."

त्याने पिशवी खांद्याला लावली. म्हणाला, "सुचलं नाही, ताई. पुढच्या खेपेला नक्की आणतो."

त्याचं पुन्हा येणं झालं नाही. लांबचा प्रवास, संसारी माणूस, त्याला तरी काय बोल लावायचा. शेजारची ती जागा काही वर्षांनी दुसऱ्या कुणाला दिली गेली. ही अजून रविवारी तिकडे जाते, आणि जाताना खुरपं बरोबर नेते.